दाराच्या अडण्याची मात्राक

तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. तसं पुन्हा कधी आलं नाही.

आमचं घर मालवणजवळच्या एका खाडीच्या काठाला. वडिलांना आम्ही ‘पाय’ म्हणायचो. पाय मेस्त्री होते. होड्या, दारं, नांगर, शेजाऱ्यांच्या गणपतीचे पाट, हे सगळं पोटासाठी. इगर्जीचं काम मात्र देवासाठी. (चर्चला आम्ही इगर्ज म्हणतो.) वेदीचं लाकूड आजोबांच्या हातचं, गुडघे टेकायची बाकं पायच्या हातची. लॅटिन प्रार्थना चालली की पायचे ओठ हलायचे, पण डोळे असायचे पुढच्या बाकाच्या सांध्यावर. माय कोपरानं ढोसायची.

“माझां मागणां मी रंध्यान म्हणतंय,” पाय म्हणायचे. “देवाक समाजता.”

येशूला वाढवणारा नाझरेथचा सुतार हा त्यांच्या मते वरच्या आळीतला कुणी जुना मेस्त्री होता, थोडा अबोल, पण हातचा सफाईदार.

पवित्र आठवड्यात गुरुवारी इगर्जीची घंटा बांधून ठेवतात. येशू मरायचा असताना घंटेनं कशी तोंड उघडायची? ती सुटते ईस्टरच्या वेळी. मधल्या दिवसांत लोकांना हाक मारायची ती लाकडानं. त्या लाकडाला मात्राक म्हणतात. एक जाड फळी, तिला खाली मूठ, आणि दोन्ही अंगांना सैल अडकवलेले लाकडी हातोडे. मूठ धरून गरागरा फिरवली की खटाखट, खटाखट. आमच्या इगर्जीची मात्राक आजोबांनी केलेली होती. तिचा आवाज खाडी ओलांडून पलीकडच्या वाडीत जायचा. तिथं आमच्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती आणि घड्याळ एकातही नव्हतं. शुक्रवारी दुपारी लाकूड ऐकू आलं की ती माणसं होडी सोडायची आणि खुरसाचं, म्हणजे क्रुसाचं, चुंबन घ्यायला यायची. नाही ऐकू आलं, तर ती काठावर वाट बघत बसणार.

त्या वर्षी, पवित्र आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी फादरांनी कपाट उघडलं तर मात्राकीचा भुगा. वाळवी! आणि पायच्या उजव्या हाताला फडक्याचा गोळा. आठवड्यापूर्वीच लाकूड तासताना वाकस घसरून पंजा फाटला होता.

फादर चांगला माणूस. म्हणाले, “मेस्त्री, काळजी करू नका. शेजारच्या इगर्जीत दोन आहेत. एक मागून आणू.”

पाय ‘बरां’ म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत. आजोबांपासून त्या इगर्जीत बाहेरचं लाकूड आलं नव्हतं. मायनं खूप समजावलं तेव्हा एवढंच बोलले, “आमचो देवाकडचो शब्द तो. दुसऱ्याच्या तोंडान कसो बोलू?”

झालं. मी ठरवलं की मात्राक मी करणार. पटाशीला धार मला लावता येत होती, म्हणजे मी मेस्त्रीच झाले होते, नाही का? मागच्या पावसात पडलेल्या फणसाची एक फळी पडवीला होती. पिवळीधम्मक. मी ती चोरून मागच्या परसात नेली. रंधा मारला, हातोडे कापले, खुंट्या ठोकल्या. इथं थांबायला हरकत नव्हती. पण नुसती फळी देवाला कशी द्यायची? मी तिच्यावर गुलाब कोरला. एका गुलाबानं भागेना, म्हणून दुसरा. मग वेल, मग द्राक्षांचे घोस, जे मी जन्मात पाहिले नव्हते. शेवटी सगळ्याला खोबरेल चोळलं, एकदा, दोनदा, मायची बाटली संपेपर्यंत.

बुधवारी दुपारी ती मी पायच्या पुढ्यात नेली, आरतीचं ताट न्यावं तशी.

त्यांनी डाव्या हातानं फिरवली. भद्. भद्. भद्. ओलं धोतर दगडावर आपटावं तसा आवाज.

माय तोंडाला पदर लावून आत पळाली. पाय गुलाबाकडे बघत राहिले.

“फणस कित्याक घेतलंस गो?”

“मृदंग फणसाचोच असता ना?” मी शहाणपणानं विचारलं.

“मृदंगावर चामडां असता, बाये. आणि तेका कोण तेल पाजीत नाय.” मग हळूच म्हणाले, “त्या नाझरेथच्या मेस्त्रीन उभ्या जन्मात एक तरी गुलाब काढल्यान असतलो काय?”

मी रडले. मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. कुणी ऐकत नसेल तर रडण्यात मला गोडी नव्हती. पण शेजारच्या काकींचे कान त्या वेळी दुसऱ्याच आवाजाकडे असायचे. तिन्हीसांज झाली, मायनं दार ओढलं आणि आडवा अडणा खोबणीत टाकला. ठण्ण! कुंपणापलीकडून काकी रोजच्यासारख्या ओरडल्या, “निजलास काय गो इतक्यात?”

माझं रडणं अर्ध्यात थांबलं. आमच्या दाराचा अडणा खैराचा होता, आजोबांच्या काळचा, फळीसारखा रुंद. चुलीचा धूर खाऊन खाऊन हाडासारखा सुकलेला. मी पायकडे बघितलं. पाय अडण्याकडेच बघत होते.

“नाय हां!” माय दाराला पाठ लावून उभी राहिली. “चोर इलो तर?”

“काय नेतलो? रंधो?” पाय म्हणाले. “नेऊंदे. दोन दिवस वापरून बघूंदे, परत हाडून देतलो.”

गुरुवारी सकाळी अडणा खाली उतरला. पायनी डाव्या हातात पेन्सिल धरून त्यावर वाकडातिकडा खुरीस काढला, तसा ते इगर्जीच्या प्रत्येक कामाआधी काढायचे, आणि करवत माझ्या हातात दिली. खैर म्हणजे लोखंडाचा चुलतभाऊ. करवत किंचाळायची, माझ्या तळहाताला फोड आले, आणि पाय पाटावर बसून सांगत होते. “दाबू नको. ओढ. तेका घाई नाय, तुका आसा.” हातोड्यांच्या खुंट्या मी घट्ट बसवल्या तर त्यांनी काढायला लावल्या. “सैल सोड. हलाक जागा नसली तर बोलतलो कसो?” मी पटाशी उचलली तशी पायनी भुवई उचलली. मी पटाशी खाली ठेवली.

शुक्रवारी मी ठेवणीतला झगा घातला. मात्राक मी केली, म्हणजे इगर्जीच्या पायरीवर सगळ्यांदेखत मीच फिरवणार, याबद्दल मला शंका नव्हती. पायनी ती डाव्या हातात घेतली आणि मला म्हणाले, “तू खाडीर जा. होडी सुटली काय बघ.”

खाडीवर! जिथं कुत्रंसुद्धा नव्हतं! मी पाय आपटत गेले. भरती लागली होती, ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. पलीकडे माडांच्या सावलीत होडी ओढून ठेवलेली, आणि तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली. कुणी हलत नव्हतं.

मग मागून आलं. खट. एकच. थांबलं. पायचा डावा हात. आणि मग खटाखट, खटाखट, खटाखट. घंटा गोड असते, हे गोड नव्हतं. कुणीतरी दाराची कडी वाजवून ‘उठा’ म्हणावं तसं होतं. माझ्या डोक्यावरून ते पाण्यावर गेलं. मला झग्याचा विसर पडला. गुलाबाचाही. मी नुसती पुटपुटत होते, जा, जा, जा.

पलीकडची एक म्हातारी उभी राहिली. तिनं कपाळावर हात नेऊन खुरीस केला. मग सगळेच उठले, आणि होडी पाण्यात सरकली.

मी चप्पल तिथंच टाकून धावले. पाय पायरीवर घामानं निथळत फिरवत होते, हाताचं फडकं सुटलेलं.

“सुटली?”

“सुटली!”

त्यांनी मान हलवली, पण हात थांबवला नाही. होडी काठाला लागेपर्यंत वाजवत राहिले. वाजवताना त्यांचे ओठ हलत होते, आणि त्या दिवशी डोळे कुठल्याही सांध्यावर नव्हते.

ती मात्राक मी केली हे त्या दिवशी घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती उणीव मी पुढं आयुष्यभर भरून काढत आले आहे. सुना माझ्या तोंडून ही गोष्ट ऐकून कंटाळल्या, नातवंडं तर ‘खटाखट’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. अजून शुक्रवारी तोच खैर वाजतो. खाडीवर पूल झाला, मनगटावर घड्याळं आली, तरी पलीकडची माणसं लाकूड ऐकल्याशिवाय घर सोडत नाहीत.

आणि आमचं दार? काही दिवस ते उघडंच राहिलं. काकी मायला म्हणाल्या, “तुमचो अडणो वाजणा नाय, माका झोप नाय.” हात बरा झाल्यावर पायनी पहिलं काम केलं ते माझी फणसाची फळी कापून दाराला फिरती खिटी बसवायचं. गुलाब आतल्या बाजूला ठेवले. रोज तिन्हीसांजेला माय ते गुलाब फिरवून दार लावायची आणि माझ्याकडे बघून हसायची. आवाज? भद्.