लॅपटॉपच्या जाळीतलं कुंकू

मे महिन्यात दारव्ह्याला कोणी शहाणा माणूस कूलर बंद करून बसत नाही. आम्ही बसलो होतो. टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर लॅपटॉप पालथा घातला होता, आणि माझ्या नवऱ्यानं मला आधीच बजावलं होतं: कूलरची ओली हवा नको, पंखा नको, नायलॉनचा गाऊन नको, सुती साडी नेसून ये. सत्यनारायणालासुद्धा आमच्या घरी इतके नियम नसतात. मी निमूट साडी नेसून आले.

हे सगळं त्यांनी बजावलं ते लिहून. मार्करनं लिहायची एक छोटी पांढरी पाटी आहे, ती सतत त्यांच्या हाताशी असते. गळ्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या तळाशी एक भोक आहे, त्यातून श्वास चालतो, त्यावर मऊ कापडाचा पट्टा. जन्मभर ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. कोणता पदार्थ कशाशी मिळाला की काय होतं, हे फळ्यावर मांडून दाखवायचा आणि मधल्या सुटीत कोपऱ्यावरच्या टपरीवर खर्रा घोटून घ्यायचा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. आमच्या भागात माणूस भेटला की आधी पुडी पुढे करतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. मी भांडले, अबोला धरला, पुड्या संडासात टाकल्या. उपयोग शून्य. याचा राग मला अजून येतो. तो दाखवायचा कोणाला, हा प्रश्न आहे.

पाटीचं आणखी एक आहे. घरात ते आमच्या वऱ्हाडीतच बोलायचे, मले-तुले करून. पण लिहायला घेतलं की त्यांच्यातला मास्तर जागा होतो. ऑपरेशन करून नागपूरच्या दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, 'मला थोडे पाणी हवे आहे.' मला वाटलं, नागपूरहून कोणा दुसऱ्याच माणसाला घेऊन आले मी. पाणी दिलं. हळूहळू त्या भाषेची सवयही झाली. पण 'पानी दे वं' म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

तो आवाज एकाच ठिकाणी शिल्लक होता. कोरोनात कॉलेज बंद पडलं, तेव्हा याच टेबलावर बसून त्यांनी बारावीचे धडे लॅपटॉपवर रेकॉर्ड केले होते. इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. मी पंचायत समितीत कारकून होते, माझंही ऑफिस एकाआड एक दिवस असे, त्यामुळे घरी असले की मला भांडं वाजवायची चोरी. ते धडे मुलांसाठी इंटरनेटवर टाकले होते. पुढे ऑपरेशन झालं, भेटायला माणसं येऊ लागली. माझा एक भाऊ आला, प्रेमळ आहे पण अकलेनं बेताचा. त्यानं आपणच लॅपटॉप उघडून धडा लावला आणि मान हलवत म्हणाला, "काय आवाज होता बाप्पा भाऊजीचा."

होता, म्हणे. माणूस समोर खुर्चीवर बसलेला. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि भाऊ जाईपर्यंत आत आले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी इंटरनेटवरचे सगळे धडे काढून टाकले. आता ते उरले होते फक्त लॅपटॉपच्या डिस्कवर.

आणि तीच डिस्क कर्रकर्र वाजायला लागली. लॅपटॉप चालू केला की मी चहा ठेवायची. तो उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. मग पाठ तापायची आणि मधेच सगळं बंद पडायचं. पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, नवा घ्या ना. त्या डबड्यात काय जीव अडकलाय तुमचा?" कोणाचा आणि कशात, ते मी तिला सांगितलं नाही.

ह्यांनी मात्र नवा घ्यायला साफ नकार दिला. स्वतः दुरुस्त करणार. मुलीनं मग पुण्याहून सामान पाठवलं: मेमरीची एक पट्टी, नवी डिस्क, आणि जुनी डिस्क घालून तिच्यातलं उतरवून घ्यायला एक छोटी डबी. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती लवकर बिघडत नाही, असं त्यांनी मला पाटी भरून समजावलं. मग पाटी पुसून लिहिलं: 'फोटो आणि कागदपत्रे घ्यायची. लेक्चर्स घ्यायची नाहीत. जुनी डिस्क भंगारात.'

मी म्हटलं, "काहून? जागा कमी पडून राह्यली का?"

'अभ्यासक्रम बदलला. आता ती कोणाच्या उपयोगाची नाहीत.'

"मले ऐकाले लागते."

पाटी पुसायला त्यांनी वेळ घेतला. मग लिहिलं, 'तो माणूस आता नाही. त्याचे ऐकत बसू नये.' आणि मार्करचं टोपण लावलं. टोपण लागलं की आमच्या घरात बोलणं संपतं.

चोरून पेनड्राइव्हवर घेता आलं असतं. कारकुनी केली आहे, एवढं मला येतं. एकदा ते दाढी करत असताना पेनड्राइव्ह लावलाही होता, आणि तसाच काढून घेतला. त्यांचा आवाज त्यांच्याच घरात त्यांच्यापासून लपवून ठेवायचा आणि लपून ऐकायचा, हे माझ्याच्यानं होईना. ऐकायचा तर त्यांच्या संमतीनं. नाहीतर गेला तर गेला. हे लिहायला सोपं आहे. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागत नव्हतं.

तर त्या सकाळी कूलर बंद करून आम्ही बसलो. प्रयोगशाळेत त्यांची एक पद्धत होती: आधी काय करायचं ते मोठ्यानं सांगायचं, मगच हात लावायचा. ती मोडायला ते तयार नव्हते. म्हणून प्रत्येक पायरी ते पाटीवर लिहीत, मी ती मोठ्यानं वाचायची, आणि मग ते करत. बघायला येऊन जाऊन भिंतीवरची पाल, पण मी वाचत होते.

"चार्जर काढून ठेवला आहे. अंगातील वीज घालवण्यासाठी नळाला हात लावावा."

ते उठून मोरीतल्या नळाला हात लावून आले. मीही लावून आले, त्यांनी सांगितलं नव्हतं तरी.

"सर्व स्क्रू काढून वाटीत ठेवावे. वाटी हलवू नये."

"झाकणाच्या फटीत जुने एटीएम कार्ड घालून हळूहळू फिरवावे."

कार्ड फिरत गेलं, कटकट आवाज करत कडा सुटत गेल्या, आणि त्यांनी झाकण उचललं. मग हात तसेच धरून थांबले. पुढची पायरी बॅटरीची वायर काढायची होती, ती आधीच लिहून ठेवलेली होती. मी ती वाचली. त्यांनी ऐकलं नसावं.

मी वाकून पाहिलं. आतला पंखा लाल झाला होता. त्याच्या पात्यांवर, खालच्या जाळीवर धुळीत मिसळून कुंकू घट्ट बसलं होतं. हळदीचे पिवळे डाग. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या चुरा होऊन कोपऱ्यात साचलेल्या. पुढच्या बाजूला, जिथं दोन लहान स्पीकर असतात असं मला नंतर कळलं, तिथंही कुंकू, आणि एका स्पीकरच्या तोंडाशी तांदळाचा दाणा अडकलेला. अक्षत होती ती.

हे सगळं माझंच काम होतं.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, शिलाई मशीन, स्कूटर. लॅपटॉप आला तसा मी तोही पाटावर ठेवायला लागले. ते दरवर्षी ओरडत, "गाडीले लाव, विळीले लाव, त्याले नोको लावू वं." मी तरी बोट टेकवायचीच, आणि ते नंतर फुंकर मारून, कापडानं पुसून घ्यायचे. पण ऑपरेशनच्या वर्षी दसरा आला तेव्हा ते नागपूरला पलंगावर होते, गळ्यात नळी. मी कपडे आणि कागदपत्रं न्यायला एका दिवसापुरती घरी आले होते. घरात एकटीच. विळी, कोयता काही काढलं नाही मी. फक्त लॅपटॉप पाटावर ठेवला. पालथा घातला, पाठीवरच्या जाळ्यांवर मूठमूठ हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. लावून ऐकायची हिंमत झाली नाही. हात जोडले आणि नागपूरच्या गाडीला गेले. परत आल्यावर वरचं वर पुसलं. आतलं कोणाला दिसतं.

ह्यांनी पाटी घेतली. नेहमीसारखं पूर्ण वाक्य लिहिलं नाही. एकच शब्द लिहिला.

'कायले?'

मी म्हटलं, "दसरा होता. तुमी नागपूरले होते."

त्यांनी लॅपटॉपच्या पाठीकडे बोट केलं, मग हात पालथा करून दाखवला. पूजा करायची तर वरून करतात. पालथा कशाला घातला, असं विचारत होते.

मी जाळीवरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. मग म्हटलं, "तुमचा आवाज कोन्त्या जाळीतून येते, मले मालूम नव्हतं. म्हणून सगळ्याच जाळ्यांले वाह्यलं."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, खोकला आला, आता पट्टा भिजणार, म्हणून मी रुमाल घ्यायला उठले. खोकला नव्हता. ते हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, गळ्यातून नुसती हवा येत होती. ऑपरेशननंतर त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं. मग हसणं थांबलं आणि डोळे तसेच ओले राहिले, आणि त्यांनी चष्मा काढून चादरीच्या कोपऱ्यानं पुसला. मीही रडले. लपवलं नाही. लपवायचं ते आधीच बाहेर आलं होतं.

नंतर त्यांनी जुना दाढीचा ब्रश आणला. आधी बॅटरीची वायर काढली, मग पात्यांवरचं, जाळीवरचं कुंकू वर्तमानपत्राच्या कागदावर झाडून घेतलं. अक्षत चिमट्यानं काढली. मी कागद कचऱ्यात टाकायला हात पुढे केला, तर त्यांनी दिला नाही. उभ्या जन्मात देवाला नमस्कार करताना कचरलेला माणूस स्वतः अंगणात गेला आणि तो कागद तुळशीत झटकून आला.

पुढचं काम भराभर झालं. जुनी डिस्क सरकवून बाहेर काढली, तिच्या जागी नवी, वजनाला अगदीच किरकोळ. मेमरीची पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंचे आकडे टक करून बसतात, तेवढं एक काम त्यांनी मला करू दिलं. झाकण लावलं. स्क्रू सगळे पुरले. चालू केल्यावर चहा ठेवायची सवड मिळाली नाही, इतक्यात पडदा उजळला. मग नव्या डिस्कवर सगळं बसवण्यात दुपार गेली. कूलर सुरू केला, जेवणं झाली.

जेवणानंतर त्यांनी जुनी डिस्क त्या डबीत घालून लॅपटॉपला जोडली. ती कर्रकर्र करत होती. फोटो उतरले. कागदपत्रं उतरली. मी मागे उभी होते, बाजूला होऊ की नको ते कळत नव्हतं. मग त्यांनी लेक्चर्सच्या फोल्डरवर बाण नेला आणि तिथंच थांबले. त्यांनी तेही उचलून नव्या डिस्कवर टाकलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. डिस्क मधेमधे अडखळायची, पट्टी थांबायची, पुन्हा चालायची. ते मागे वळले नाहीत. शेवटी सगळे धडे उतरले.

'स्पीकर तपासू,' त्यांनी पाटीवर लिहिलं. शास्त्रज्ञ माणूस, कारण दिल्याशिवाय काही करायचा नाही.

एक धडा लावला. अंगात तो इस्त्रीचा शर्ट, मागे आमचीच भिंत. जाळी स्वच्छ झाल्यामुळे आवाज इतका मोकळा आला की आम्ही दोघंही दचकलो. द्रावण म्हणजे काय ते सांगत होते, पुस्तकातल्या भाषेत, सावकाश. हे खुर्चीत ताठ बसून आपल्याच तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या मांडीवरचा हात मी धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली. एक, मग आणखी एक. आवाज वैतागून म्हणाला, "अवं, तो कुकर बंद कर नं. शिकवून राह्यलो मी."

"करते," म्हणत मी उठले, लगबगीनं स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीच्या खटक्याला हात घातला. ओटा पुसलेला होता. शेगडीवर काहीच नव्हतं. खटका बंदच होता.

मी तशीच उभी राहिले. बाहेरच्या खोलीत आवाज जरा थांबला होता, मी कुकर उतरवायची वाट पाहत. मग म्हणाला, "हाव, झाला बंद. तर आपण कुठे होतो," आणि पुढे शिकवायला लागला. मी कान देऊन होते, आता ते थांबवतील म्हणून. रिकाम्या शेगडीपाशी उभी राहून मी सगळा धडा शेवटपर्यंत ऐकला. त्यांनी तो बंद केला नाही.