पार्सलवाल्या दीदीने निवडलेला लॅपटॉप

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बायका शरयू बोकारेला 'पार्सलवाली दीदी' म्हणत. नाव विचारण्याइतकी फुरसत पोस्टातल्या त्या खिडकीपाशी कुणाला नसे, आणि खिडकीच्या आतल्या बाईला तर त्याहून नसे. लग्न करून वर्ध्याहून जबलपूरला आली, पोस्टात लागली, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि शेवटी पार्सलच्या खिडकीत जी बसली ती बसलीच. काटा उजव्या हाताशी होता, पण डबा हातात घेतला की किती भरेल ते तिला आधीच कळायचं. आकडा नंतर काटा सांगायचा, तो आपला रिवाज म्हणून.

या खिडकीतून तिनं अर्धं गोरखपूर खोक्यांतून पोरांच्या मागे जाताना पाहिलं होतं. पोर बाहेरगावी गेलं की पहिल्या वर्षी मोठा खोका यायचा. चिवडा, लाडू, स्वेटर, वर देवाचा अंगारा. दुसऱ्या वर्षी खोका लहान व्हायचा. मग नुसता दिवाळीपुरता. आणि मग एक दिवस तीच आई भाजीची पिशवी घेऊन जाता जाता खिडकीशी थांबून म्हणायची, "अब तो उधर सब मिल जाता है, दीदी." शरयू मान हलवायची आणि पुढच्या माणसाचा खोका ओढून घ्यायची. दुसरं काय करणार?

एका बाबतीत मात्र तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. तेल. एकदा कुणाच्या तरी सरसोंच्या तेलानं कुणाच्या तरी लग्नपत्रिका न्हाऊन निघाल्या, तेव्हापासून खोक्याला तेलाचा वास आला की ती तो सरळ परत सरकवायची. पोराच्या डोक्याला लावायचं आहे, औषधाचं आहे, आजीनं स्वतः उकळलं आहे, काही सांगा. "निकालिए," एवढंच म्हणायची. शेजारच्या टेबलावरची बेबीताई हसायची. "तुझ्या जिवाला काय होते गं? माय पाठवून राहिली लेकराला, जाऊ दे ना." शरयू म्हणायची, "तिच्या लेकरासाठी दुसऱ्याच्या लेकराचा स्वेटर काहून भिजवायचा?" मग बेबीताई आपल्या थंड होत चाललेल्या चहाकडे वळायची.

घरी ती आणि मुलगा चिंतामणी, दोघंच. आजोबांचं नाव ठेवलं म्हणून चिंतामणी, आणि घरात ते कुणाला झेपेना म्हणून चिंतू. नवरा मुरलीधर कारखान्यात फिटर होता. तो गेला तेव्हा चिंतू शाळेत होता. पोरगा आता मोठा होऊन कॉम्प्युटरचं शिकला होता, मराठी त्याला सगळी समजायची, पण बोलताना तो अर्ध्या वाटेत हिंदीत उतरायचा. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला काम देऊ केलं होतं. दिवसभर गेम खेळायचे, त्यातल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. याचा कुणी पगार देतं, हे शरयूला पटायला वेळ लागला. आधी नमुन्याचं काम करून दाखवायचं होतं. ते आवडलं तर पुढे घरून करा किंवा पुण्याला येऊन करा, मर्जी तुमची. पण घरातला जुना कॉम्प्युटर गेम सुरू केला की जागीच मान टाकायचा, म्हणून गेमिंग लॅपटॉप हवा होता.

पोस्टातून आल्यावर शरयू कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि समोर चिंतू ग्राफिक्स कार्ड सांगत बसायचा. हे असलं घेतलं तर असं होतं, ते तसलं घेतलं तर तसं होतं. रोज एक नवा लॅपटॉप यायचा आणि रोज एक जुना बाद व्हायचा. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घेण्याचं त्राणही उरलं नव्हतं. हं, अच्छा, असं का, एवढं म्हणत ती पाणी गार होईपर्यंत बसून राहायची. शेवटी दोन उरले.

दोन उरले म्हटल्यावर नागपूरला फोन गेला. बोकाऱ्यांच्या घरात कुलरपासून सोयरिकीपर्यंत काहीही नागपूरच्या भय्यासाहेबांना विचारल्याशिवाय ठरत नसे. भय्यासाहेब मुरलीधरचे थोरले भाऊ. लॅपटॉपला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण त्यानं त्यांचं काही अडत नसे. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हलक्या वस्तूवर माझा विश्वास नाही." कुलरच्या वेळीही ते हेच म्हणाले होते, आणि मिक्सरच्या वेळीही.

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी माय-लेक बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन्ही काउंटरवर मांडले. चिंतूनं आईसाठी सोपं करून सांगितलं. "हा भारीवाला. याच्यात गेम एकदम मक्खन चालतो, पण प्लगजवळच ठेवावा लागतो, बॅटरी लगेच संपते. हा हलका. थोडा कमी ताकदीचा आहे, पण घेऊन कुठेही बसता येते."

"कुठेही म्हणजे?"

"कुठेही, आई. बस में, ट्रेन में. कहीं भी."

दुकानदार म्हणाला, "मैडम, उठाके देख लीजिए." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, कुणाला काय उचलायला सांगतो आहे. शरयूनं आधी हलका उचलला. तो चटकन हातात आला आणि तिला एकदम भीती वाटली. असं सुटसुटीत सामान घेऊन पोरं कशी निघतात आणि कशी परत येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. मग भारीवाला उचलला. त्याचा चार्जरच विटेएवढा होता. तळहातावर त्याचा भार पडला तसं तिला बरं वाटलं. हा भिंतीच्या प्लगशी राहील. हा राहील तर ज्याचा आहे तोही राहील. इतका साधा हिशेब तिनं त्या काउंटरपाशी केला, आणि तो कुणाला सांगितला नाही.

"हाच घे," ती म्हणाली. "भय्यासाहेबही तेच म्हणून राहिले ना."

चिंतूचा चेहरा उजळला. खरं तर त्याचं मन भारीवाल्यावरच होतं, पण ते आईला सांगायला तो कचरत होता. दुकानात सगळ्यांदेखत त्यानं तिच्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं तू हलकाच म्हणशील. आई, तू सच में समझती है." शरयूनं पर्स उघडली आणि बराच वेळ आतच पाहत राहिली.

नवरात्रभर चिंतू खोलीत बसून नमुन्याचं काम करत होता. भारीवाल्याचे पंखे आतून घोंगावत, दारापर्यंत ऊब येई. शरयू चहा ठेवून जायची. थकून घरी यायचं आणि पोरगा घरात आहे हे दारातूनच ऐकू यायचं, यापेक्षा तिला त्या दिवसांत काही नको होतं.

खंडेनवमीला तिनं दरवर्षीप्रमाणे पाटावर मुरलीधरचे पाने, पकड, हातोडी मांडली. जबलपूर कारखान्यांचं गाव, त्या दिवशी घरोघरी हत्यारांना हळद-कुंकू लागतं. यंदा तिनं मधोमध लॅपटॉप ठेवला आणि कुंकू त्याच्या झाकणाला न लावता समोर तांदळावर वाहिलं. पूजेत मांडलेली वस्तू दसरा उजाडल्याशिवाय उचलायची नाही, हा घरचा नेम. चिंतू कुरकुरला. "पूरा दिन?" पण उचलला नाही. त्या दिवशी तो बिनकामाचा घरभर फिरला, तिच्याजवळ बसून भजी खाल्ली, बाबांचा कुठला पाना कशाला लागायचा ते विचारलं. मध्ये त्याला एक फोन आला, तो अंगणात जाऊन बोलून आला. शरयू भजी तळत राहिली.

दसऱ्याला त्यानं आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि तसाच खाली बसून राहिला. "आई, त्यांना काम आवडलं. पुण्याला बोलावलं आहे."

"घरून करता येते म्हणला होता ना तू?"

"येते ना. पण तिथे टीम आहे, शिकता येते. और ये लॅपटॉप नहीं होता तो काम इतना अच्छा होता ही नहीं. हलका घेतला असता तर रह जाता मैं." तो हसत होता. "तुझ्यामुळे झालं."

शरयूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रडू येत होतं, पण दसऱ्याच्या दिवशी पोराला रडून सीमोल्लंघनाला कसं धाडायचं? "चलो," ती म्हणाली, "पोळ्या करायच्या आहेत."

स्टेशनवर तिनं त्याची पाठीवरची पिशवी एकदा स्वतः धरून पाहिली. धरायला नको होती. लॅपटॉप, तो विटेसारखा चार्जर, वर तिनंच कोंबलेला फराळ. गाडीची वाट पाहताना चिंतूनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली, मग पुन्हा उजव्यावर. गाडी आली तेव्हा तो गर्दीतून वाकडा होऊन आत शिरला. शरयूला खिडकीतला त्याचा हात दिसला, चेहरा नीट दिसला नाही. घरी परतताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. जायचा तो गेलाच, आणि मी केलं ते एवढंच, की त्याचं ओझं वाढवलं.

पुण्याहून फोन यायचे. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ऑफिसला दोन बस बदलून जायचं, आणि लॅपटॉप रोज सोबत न्यायचा. दिवाळी झाल्यावर एकदा तो बोलता बोलता सहज म्हणाला, "खांदा थोडा दुखतो, बाकी सब बढ़िया."

"कोणता?"

"उजवा. काही नाही, होईल ठीक."

"चिंतू, तो बदलून हलका घेता येत नाही का? मी देते ना."

"काहून? तू पसंत केलेला आहे. ऑफिस में सबको बोलता हूँ, मेरी माँ ने चुना है."

ती म्हणणार होती, अरे, मी तुझ्यासाठी नाही निवडला, माझ्यासाठी निवडला. तोंडाशी आलं होतं. पण तो इतका खुशीत होता की तिला ते बोलवेना, आणि तेवढ्यात त्याची बस आली.

शनिवारी सुट्टी टाकून शरयू बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेली आणि मालिशचं तेल घेऊन आली. बाटलीचं झाकण मेण लावून बंद केलं, वरून प्लॅस्टिक, त्यावर जुना टॉवेल, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक. वर्षानुवर्षं लोकांना परत पाठवताना जे जे सांगितलं ते सगळं केलं. तरीही वास येतच होता. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरून फिरून खिडकीसमोर आली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या जागेवर तेवढ्यापुरती बेबीताई बसली होती.

नंबर आला. बेबीताईनं खोका ओढला, नाकाशी नेला आणि मान वर करून पाहिलं.

"तेल?"

"तेल."

"तू?"

मागच्या बाईनं घसा खाकरला. मग शरयू म्हणाली, "चिंतूचा खांदा दुखून राहिला. ओझं जड झालं त्याला."

बेबीताईनं चिडवायला उघडलेलं तोंड मिटलं आणि खोका हळूच काट्यावर ठेवला. आकडा पाहून म्हणाली, "अगं, काहीच नाही यात. एवढ्याच पैशात आणखी बसते. लाडू-बिडू टाकून आण ना, मी थांबते."

"नको," शरयू म्हणाली. "चार मजले त्यालाच उचलून न्यायचं आहे."