पालथी फाईल

आमच्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या रिसेप्शनमध्ये सकाळी एक मुलगी मुलाखतीसाठी बसली होती. मांडीवरची फाईल तिने पालथी धरली होती. शेजारची मुलं, आपल्या गल्लीचं नाव सांगावं तितक्या सहज, मोठमोठ्या कॉलेजांची नावं सांगत होती. कुणीतरी तिलाही विचारलं.

"सोलापूरकडचं आहे एक," ती म्हणाली.

त्या फाईलचा जांभळा रंग मी कुठेही ओळखला असता. आमच्या कॉलेजात पदवीबरोबर तीच मिळते, वर कॉलेजचं नाव छापलेली. माझीही मांडीवर अशीच पालथी असायची.

इथे शिरायला मला तीन वर्षं लागली. वाटलं होतं, एकदा आत गेलं की फाईल सरळ करता येईल. पण आपण दार ओलांडतो तेव्हा लपवायची सवय आपल्या आधीच आत जाऊन बसलेली असते. इतक्या वर्षांत माझं कॉलेज इथे कुणालाच कळलेलं नाही.

मी तिच्यासमोर थांबले. नुसतं "मीही तिथलीच" म्हटलं असतं, तरी तिचा जीव भांड्यात पडला असता.

"घाबरू नकोस," एवढंच म्हटलं.

तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं कॉलेज कुठलं?"

मुलं ऐकत होती. माझा एक सहकारी माझ्यासाठी लिफ्ट धरून उभा होता.

"पुण्याचं," मी म्हणाले.

"वाटलंच मला," ती कसंनुसं हसली, आणि तिने फाईल आणखी पोटाशी घेतली.