मिस ओटिसची नजर

व्हर्लीन ओटिस सव्वीस वर्षं तिसरीला शिकवते आहे, पण तिने एकाही मुलाला ‘चूक’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. मूल चुकलं की ती खाली बघायची, बरोबर असलं की सरळ त्याच्या डोळ्यांत. मी शेजारच्या लायब्ररीत बसते. मला हे फाजील लाड वाटायचे, पण मुलं शिकायची, त्यामुळे माझं तोंड बंद.

आमच्या मिसिसिपीत वाचनाच्या परीक्षेत नापास झालं की पुन्हा तिसरीतच बसावं लागतं. व्हर्लीनच्या वर्गातली जामिरा यंदा दोनदा आपटली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर ऑगस्टमध्ये नवं वर्ष सुरू झालं की तिची धाकटी बहीण तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसणार होती.

व्हर्लीनने जेवण सोडलं म्हणा ना. रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी दोघींची उजळणी, मक्याचा पाव तसाच हातात.

“‘नदी सापासारखी वळली.’ हे काय आहे?”

“रूपक?”

व्हर्लीनची नजर खाली.

“नाही नाही, उपमा! ‘सारखी’ आहे ना त्यात.”

नजर वर.

“आणि कॅटफिशची माहिती कुठल्या पानावर आहे, ते कुठे बघशील?”

“पुस्तकाच्या पुढे... नाही, मागे. शेवटच्या सूचीत.”

“अगं, तुला सगळं येतंय की!” मी म्हणाले.

“मग परीक्षेत कुठे जातं गं, डेलोरेस?” व्हर्लीन रडवेली झाली. “ही पोर बुडाली तर मीच बुडवली समज.”

परीक्षा माझ्याच लायब्ररीत झाली. भिंतीवर एक अक्षरही दिसता कामा नये, असा नियम. जन्मभर मुलांना पुस्तकं उघडा म्हणून ओरडले, आणि त्या दिवशी मीच कपाटांवर तपकिरी कागद चिकटवला. मुलांना डोळ्यानेसुद्धा खूण करणार नाही, असं पर्यवेक्षक म्हणून आम्हा दोघींकडून लिहून घेतलं होतं.

जामिरा प्रत्येक उत्तर लिहून मान वर करायची. व्हर्लीन जमिनीकडे बघत बसली. कुणाला खूण वाटली असती तर पोरीचा पेपरच रद्द झाला असता. पोरगी पुन्हा वाकायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मला वाटलं, चला, नीट विचार करतेय.

पेपर गोळा झाल्यावर ती व्हर्लीनपाशी आली.

“मिस ओटिस, तुम्ही सारख्या खालीच बघत होता. मग मी सगळी उत्तरं बदलली. आता आली ना बरोबर?”

आता बघायला बंदी नव्हती. तरी व्हर्लीनची मान वर होईना.