‘आवतण’च्या संपादक सोजरबाई

दुपारचं जेवण झालं की मी खाटेवर आडवा होतो. झोप येते म्हणून नव्हे, उठून करण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून. उशाशी पोस्टाने आलेल्या कवितांचा गठ्ठा आहे. चार महिन्यांत एकही पाकीट फोडलेलं नाही. डोळे जड होतात, पंख्याचा आवाज लांब जातो आणि सोजरबाई भिंतीला टेकून बसलेल्या दिसतात. मांडीवर सूप, सुपात तूरडाळ.

त्या गेल्या त्याला चार महिने झाले, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण मी तसं म्हणत नाही. म्हटलं तर उठून जातील.

आमचं ‘आवतण’ म्हणजे वर्षातून दोनदा निघणारा चाळीस पानांचा कवितांचा अंक. वीटभट्टीवरची, पालावरची, ऊसतोडीला जाणारी माणसं त्यात लिहितात. इतर कुणी त्यांना छापत नाही. संपादक आम्ही दोघं. मी निवृत्त मास्तर आणि भट्टीवर जन्म काढलेल्या सोजरबाई, ज्यांना वाचता येत नव्हतं. मी कविता वाचायचो, त्या डाळ निवडत ऐकायच्या. त्यांचा हात थांबला की कविता अंकात. बावीस वर्षं हीच पद्धत. लोक हसले, मी कुणाला भीक घातली नाही.

“वाचा की, गुरुजी,” त्या म्हणतात.

मी पाकीट फोडतो. आता आम्ही पोस्टात आहोत. खिडकीपलीकडे भट्टीचा धूर आहे आणि पोस्टमास्तरांच्या खुर्चीवर विटा रचल्या आहेत. मला त्याचं काही वाटत नाही, माझं लक्ष बाईंच्या हाताकडे. कुणा मुलीची कविता आहे. मेलेल्या आईचा कंगवा ती वापरते, त्यात अडकलेला केस आपला की आईचा, ते तिला कळत नाही. हात चालूच. मी पुन्हा वाचतो, मोठ्याने. आता शाळेचा वर्ग आहे, बाकं रिकामी, बाई फळ्यापाशी उकिडव्या. हात चालूच.

मी विचारतो, आवडली नाही का?

“मला कशाला इचारता? मी मेले की.” त्या शांतपणे बोलतात. “तुमाला काय वाटलं?”

बावीस वर्षांत हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. त्यांच्या हाताआड खुशाल लपून राहिलो.

“मला एकट्याला जमायचं नाही, बाई.”

“मग बंद करा. त्या पोरीला तसं कळवा.”

मला रडू फुटतं. त्या सूप उचलतात आणि निघतात. मी हाका मारतो, त्या वळत नाहीत.

जाग येते तेव्हा घसा बसलेला आहे. फाटलेलं पाकीट जमिनीवर, कागद छातीवर. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, ‘घेतली’. बाईंना दाखवावं म्हणून मी भिंतीकडे बघतो. तिथे कुणी नाही. मी कागद उजेडात धरतो. शब्द वाकडातिकडा आलाय, पण अक्षर माझं आहे.