इथून कापा

हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. तोंडावर 'मास्तर' आणि पाठीमागे 'कात्री'. धीट माणसं दोन्ही जोडून 'कात्रीमास्तर' म्हणत, आणि मास्तरांना ते ठाऊकही होतं. पण रागवायचं तर अंगात जोर लागतो, आणि तो स्टुडिओतच संपून जायचा.

स्टुडिओतलं त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांचे चेहरे साफ करणं. तरुणपणी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या बुजवल्या, आता संगणकावर माउसने बुजवतात. पूर्वी नुसती मान दुखायची, आता मनगटही दुखतं, एवढीच काय ती प्रगती. गिऱ्हाईक म्हणणार, "जरा बारीक करा, पण मीच वाटलो पाहिजे हां." नवरीची आई म्हणणार, "डोळे मिटलेत हिचे, तेवढे उघडा की." मग मास्तर दुसऱ्या फोटोतले डोळे आणून तिथे बसवणार. एका टकल्या नवरदेवाला तर त्यांनी त्याच्याच धाकट्या भावाचे केस लावून दिले होते, आणि तो गडी फोटो बघून स्टुडिओतच रडला होता. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरची माणसंही त्यांना तशीच दिसायची. याच्या डोळ्यांखालचं काळं काढायला हवं, तिच्या कपाळावरची चमक घालवायला हवी. दुकान बंद झालं तरी बोटं चालूच.

रविवारी सकाळी मंडळ. एका शाळेचा रिकामा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. एक दाताचा डॉक्टर, एक कपडे शिवणारी बाई, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, असे आणखी पाच-सहा हौशी. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई चिटणीस. फोटो सगळे त्यांच्याकडे पाठवायचे आणि त्या ते एकेक करून पडद्यावर लावणार.

मंडळाची पद्धत मास्तरांनीच घालून दिलेली होती. फोटो लागायचा तो नावाशिवाय. चर्चा चालू असताना 'हा माझा' असं म्हणायचं नाही. चर्चा संपली की वाटलं तर हात वर करून सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. पुढच्या रविवारी दुरुस्त केलेला फोटो पुन्हा लावायचा. नाव कळलं की लोक फोटोबद्दल बोलायचं सोडून माणसाबद्दल बोलतात, मग आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मास्तरांचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. आणखी एक गोष्ट ते नव्या माणसाला बजावून सांगत: फोटो वाईट आहे असं म्हणू नका. नजर कुठे अडते ते सांगा, आणि ती का अडते ते सांगा. ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे.

मास्तर स्वतः पडद्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून उभे राहत. हातात लाकडी फूटपट्टी. बराच वेळ काही बोलत नसत. मग पट्टी पडद्यावर उभी धरून म्हणत, "इथून कापा." फाटकी कमान, अर्धी म्हैस, कुणाचा तरी कोपर, जे काय नडत असेल ते पट्टीपलीकडे जायचं, आणि उरलेला फोटो खरंच बरा दिसायचा. म्हणून तर लोक शिव्या देत देत दर रविवारी यायचे.

मास्तरांचं दुःख वेगळंच होतं. त्यांचा स्वतःचा फोटो लागला की नावाची गरजच पडत नसे. लांबूनच ओळखू यायचा: स्वच्छ, नितळ, चित्रात चिटपाखरू नाही. मग डॉक्टर म्हणायचे, "छान!" शिवणवाल्या बाई म्हणायच्या, "फारच छान!" आणि पुढचा फोटो. कात्रीच्या फोटोला कात्री लावणार कोण? मास्तर वर्षानुवर्षं दुसऱ्यांना खरं सांगत आले, आणि त्यांच्या बाबतीत मात्र कुणी खरं बोलायला तयार नव्हतं. त्यांना आता या 'छान'चा वीट आला होता. मरायच्या आधी एकाने तरी आपल्या फोटोकडे नीट बघावं आणि तोंडावर सांगावं की बाबा रे, हे इथे चुकलंय, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. त्यासाठी मास्तरांनी एक फोटो राखून ठेवला होता. धुक्यातला लांब पूल, खाली नदीचं पाणी, बाकी काही नाही. कितीतरी महिने ते रोज थोडंथोडं त्यावर काम करत होते. मंडळात तो अजून दाखवला नव्हता. तिथे काय ऐकायला मिळणार ते माहीतच होतं. त्यांनी तो बायकोला दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली.

"छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे छान. आता 'छान'चीही चिरफाड करणार का?"

तिने हातातली मेथी निवडायला घेतली आणि विषय मिटला. मास्तर उठले आणि पुन्हा संगणकासमोर जाऊन बसले.

त्या रविवारी बायको म्हणाली, "मी पण येते आज. त्या बाजूला काम आहे जरा." मास्तरांना नवल वाटलं, पण विचारायचा कंटाळा आला. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

चार-पाच फोटो झाले आणि एक कृष्णधवल फोटो लागला. कुठल्यातरी घरातलं स्वयंपाकघर. उजवीकडच्या खिडकीतून तिरपा उजेड, टेबलावर दोन कप, एकातून वाफ निघतेय, दुसरा बशीने झाकलेला. आणि उजव्या कडेला एक माणूस, पाठमोरा, खांदे पाडून बसलेला, पुढ्यात कसलातरी उजेड.

मास्तर खूप वेळ बघत राहिले. मग बोलले, "उजेड सुंदर पकडलाय. वाफ सुंदर. झाकलेला कपही चांगला, कुणासाठी झाकलाय असं वाटतं बघणाऱ्याला." मास्तरांनी पट्टी उभी धरली. "पण हा उजवीकडचा माणूस. याचं चित्रात काय काम आहे? नुसता काळा गठ्ठा. चेहरा नाही, हालचाल नाही, नजर जाऊन त्याच्यावर आदळते आणि तिथेच बसते. याला काढा. इथून कापा. हा गेला की चित्र मोकळा श्वास घेईल."

कुणीतरी खोकलं. डॉक्टर बुटांची नाडी बांधायला खाली वाकले ते वाकलेच. चिटणीसबाईंनी घाईघाईने विचारलं, "कुणाला आणखी काही?" कुणाला काही नव्हतं. हातही कुणी वर केला नाही.

परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "तो कपांचा फोटो कुणाचा होता कोण जाणे. हात आहे त्या माणसाला. तेवढं कापलं पाहिजे."

"कापेल की," बायको म्हणाली. "सांगितलंत ना तुम्ही."

संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी संगणक उघडून बसले होते. पुलाच्या कठड्यावरचा एक डाग अजून मनासारखा गेला नव्हता. बायकोने चहा आणून ठेवला आणि रोजच्यासारखी वर बशी झाकली. झाकलीच पाहिजे, कारण चहा आला की मास्तर "हो, घेतो" म्हणत आणि तासाभराने थंडगार पीत. आज मात्र त्यांची नजर बशीवर गेली. मग बायकोच्या कपातून निघणाऱ्या वाफेवर गेली. मग खिडकीवर.

खिडकी डावीकडे होती. फोटोत ती उजवीकडे होती. मास्तरांनी मनातल्या मनात फोटो डावा-उजवा उलटा करून पाहिला. रोजचं काम ते, क्षणाचाही वेळ लागला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तो फोटो तू काढलास?"

"हो."

"आणि तो माणूस मी."

"हो."

"उलटा केलास?"

"केला. आपलं स्वयंपाकघर ओळखलं असतंत तर तुम्हीही नुसतं छान म्हणून मोकळे झाला असतात. मला खरं ऐकायचं होतं."

"बाकीच्यांना कळलं?"

"पट्टी उचललीत तेव्हाच कळलं. इतकी वर्षं दर रविवारी तुमची पाठच तर बघतायत ते. ओळखायला वेळ कशाला लागेल?"

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे काही नवीन शास्त्र नव्हे. पण हजारो माणसांचे खांदे सरळ केलेल्या माणसाला आपले खांदे इतके पडलेत हे परक्याचा समजलेल्या फोटोत बघावं लागावं, आणि वर त्यानेच त्याला काळा गठ्ठा म्हणावं, याला काय म्हणायचं? मास्तरांना लाज वाटली. त्याहून जास्त थकवा वाटला.

"मग माझ्या पुलाबद्दल का खरं सांगत नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, नुसती विचारणा होती.

बायकोने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "त्या पलीकडच्या टोकाला एक ठिपका होता. तो कुठे गेला?"

"तो काढला. नजर अडत होती."

"ती मी होते."

मास्तरांना आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तू पुढे हो, मी आलोच. मी पुढे झाले. पाय दुखेपर्यंत उभी होते तिथे. थंडी ही एवढी. मग म्हटलं हात तरी हलवावा, आपल्याला विसरले असतील." तिने आपला कप उचलला. "आता तो फोटो बघून मी छान नाही तर काय म्हणायचं?"

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली.

त्यांची काम करायची एक रीत होती. मूळ फोटोला ते कधी हात लावत नसत. त्याच्यावर एक पारदर्शक थर घ्यायचा आणि पुसापुशी सगळी त्या थरावर करायची. म्हणजे खाली मूळ चित्र जसंच्या तसं. त्यांनी तो थर बंद केला. पुलाच्या टोकाला ठिपका परत आला. मोठा करून पाहिला तर साडीचा काठसुद्धा कळत नव्हता, पण ठिपक्याच्या वर एक बारीक, तिरकी रेघ होती. या रेघेने त्यांना फार छळलं होतं. ती धुक्यात मिसळायलाच तयार नव्हती. तिच्यापायी किती संध्याकाळी गेल्या होत्या, किती शिव्या घातल्या होत्या तिला. तो तिचा हात होता.

मास्तरांनी बशी काढली आणि चहा प्यायला. थंड झाला होता.

पुढच्या रविवारी बायको पुन्हा आली, या वेळी कामाचं निमित्त न सांगता. कपांचा फोटो आधी लागला. तिने मास्तरांनी सांगितलं तसा तो कापला होता. वर्गाने आधी मास्तरांच्या पाठीकडे आणि मग पडद्याकडे पाहिलं. फोटो खरंच मोकळा झाला होता, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. उजेड होता, वाफ होती, दोन कप होते. माणसाची उणीव कुणाला भासली असेल असं वाटत नव्हतं.

"माझं चुकलं," मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले. "कप झाकलाय तो कुणासाठी, हे आता कळत नाही. तो बसलाय आणि पीत नाहीये, चित्र त्याचंच होतं. त्याला परत घ्या." थोडं थांबून म्हणाले, "गठ्ठा आहे, पण घ्या."

मग पुलाचा फोटो लागला. ठिपक्यासकट.

आपला फोटो आला म्हणून मास्तर पट्टी खाली ठेवून बाजूला झाले, आणि चिटणीसबाई सोडल्या तर कुणाला काही शंकाही आली नाही. कात्रीच्या फोटोत कधी ठिपका असतो का? हा कुणातरी नवशिक्याचा, असं समजून वर्ग मोकळेपणाने बोलायला लागला.

"धुकं बरंय, पण सगळीकडे सारखंच लावल्यासारखं वाटतं," टपालवाले गृहस्थ म्हणाले.

"पाण्याला जीवच नाही हो. काचेसारखं घासलंय," शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

मास्तर कान देऊन ऐकत होते. दोन्ही खरं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी खरं बोलत होतं. छातीत काहीतरी हललं, आनंदच असावा, पण फार दमलेला.

डॉक्टर उठून पुढे आले. मास्तरांची पट्टी त्यांनी टेबलावरून उचलली आणि अगदी मास्तरांच्याच थाटात पडद्यावर धरली. "आणि हा टोकाला ठिपका. माणूस आहे की खांब, तेही कळत नाही. नजर सारखी तिथे अडते. काय मास्तर, बरोबर ना? पुसून टाका."

वर्गाने माना डोलावल्या. मास्तरांना बोलता येईना. नियम त्यांचाच होता.

चिटणीसबाईंनी विचारलं, "चर्चा संपली? कुणाला काही सांगायचंय?"

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला.

"अय्या, तुमचा होय फोटो!" शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

"फोटो यांचा," बायको म्हणाली. हात तिने तसाच वर धरला होता. "तो ठिपका मी आहे. ठेवायचा की पुसायचा ते काय ते ठरवा एकदा. फार वेळ उभी आहे मी तिथे."