बिबट्या आणि घुबड

आमच्या गावच्या बोहाड्यात वडिलांकडे एका सोंगाचा मान आहे. देवीपुढे मुखवटे घालून नाचायचा हा उत्सव. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं ते पिढ्यांपासून ठरलेलं. त्यामुळे मुंबईत एका कॉलेजात शनिवार-रविवार चित्रकथा, जपानी कार्टून आणि कॉम्प्युटर गेमवाले जमणार आहेत, लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात, स्टेजवर जातात, हे माझ्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

मी म्हणालो, "म्हणजे बोहाडाच की."

ती इतकी हसली की कॅन्टीनमधली मुलं वळून बघायला लागली.

ती मुरबाडकडची, मी शहापूरकडचा. कल्याणच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. दोघांच्याही घरातून आमच्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि वर्गात हात वर करायला दोघंही घाबरायचो. पण सायबर कॅफेत एका खुर्चीवर आळीपाळीने बसून परदेशी मालिका बघताना ती बदलून जायची. संवाद पाठ करायची, हातवारे करून दाखवायची. मग आम्ही आमचीच एक चित्रकथा सुरू केली. गोष्ट तिची, चित्रं माझी. सिद्धगडाच्या रानात एक बिबट्या आणि एक घुबड राहतात आणि झाडं तोडायला आलेल्या लोखंडी राक्षसांशी लढतात, अशी ती गोष्ट होती. त्याच दोघांची सोंगं घेऊन जायचं ठरलं. घुबड ती होणार होती.

"बरंय तुझं," ती म्हणाली. "मला तोंडावर घुबड म्हणायची सोय झाली."

मला ती आवडत होती. हे तिला रविवारी सांगायचं, स्टेजवरून उतरल्यावर, असं मी मनाशी ठरवलं होतं. मुखवटा उतरवल्यावर माणूस थोडा वेळ हलका झालेला असतो, हे मी वडिलांना बघून शिकलो होतो. तेव्हाच आपल्याला जमेल, एरवी नाही, असं वाटायचं.

मुखवटे करून द्याल का, असं मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "देवाचं सोंग गावाभायेर नाय न्यायाचं."

"देवाचं नाय, बाबा. बिबट्या नि घुबड."

"आन घुबड कोन?"

"वर्गातली मुलगी आहे."

"बाया नाय नाचत सोंग." मग ते म्हणाले, "पन ह्ये काय देवीम्होरं नाय. नाचू दे."

त्यांनी रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून, कुटून लगदा केला आणि ओटीवर बसून दोन्ही मुखवटे घडवले. घुबडाचे डोळे रंगवताना त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही.

कॉलेजच्या सायकल स्टँडमागे मी तिला पावलं शिकवली. सांबळ मीच तोंडाने वाजवायचो. जोडीच्या सोंगात एकाचं पाऊल पुढे आलं की दुसऱ्याचं मागे जातं. मागे जाताना अंग थोडं तिरकं करून मान खाली झुकवायची असते. ते तिला दोन दिवसांत आलं. मला लहानपणी शिकायला एक अख्खा उन्हाळा लागला होता.

शनिवारी आम्ही मुखवटे घालून त्या सभागृहात शिरलो. चंदेरी चिलखतं, निळे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, सगळीकडे मोठमोठ्याने हिंदी आणि इंग्रजी. मी भिंतीकडे सरकलो. पण पोरं आमच्याभोवती जमली, फोटो काढायला लागली. कोणीतरी विचारलं, "कौनसी सिरीज के हो?"

ती घुबडाच्या आतून म्हणाली, "अभी आई नहीं है. आनेवाली है."

सगळे हसले. मला तिचा इतका अभिमान वाटला की मुखवट्यात मीही एकटाच हसत राहिलो.

दुपारी तिची चंदेरी चिलखतवाल्या एका गटाशी ओळख झाली. ते जी मालिका करत होते ती तिला तोंडपाठ होती. मी वडा-पाव घेऊन आलो तेव्हा ती त्यांच्यात उभी राहून संवाद म्हणत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे आली.

"अरे, त्यांची एक मुलगी आजारी पडलीय. उद्या तिच्या जागी मी उभी राहू का?"

"आणि आपलं?"

"एकाला एकदाच स्टेजवर जाता येतं म्हणे." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पण चेहऱ्यावर बिबट्या होता. "तू एकटा कर ना रे. तुझा बिबट्या भारी आहे. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

रविवारी ती चिलखतात आली. ते तिला जरा सैल होतं. स्टेजवर उभी राहिली आणि बोलायला लागली, तेव्हा वर्गात हात वर करायला घाबरणारी हीच का, असं वाटलं. शेवटी लढाई होती. समोरचा मुलगा तलवार उगारून पुढे आला आणि ती मागे सरली. अंग तिरकं, मान खाली. आमचंच पाऊल होतं ते. तो पुढे येत राहिला, ती मागे जात राहिली, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. मीही उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. त्या खोट्या नव्हत्या.

थोड्या वेळाने माझा नंबर पुकारला. आमच्याकडे जोडीतला एक आजारी पडला तर दुसराही त्या वर्षी नाचत नाही. दोन्ही मुखवटे पेटाऱ्यात राहतात. माईकवरच्या मुलीला मी सांगितलं, "जोडी नहीं है." तिला काही कळलं नसावं. तिने पुढचा नंबर पुकारला.

ती चिलखतातच माझ्याकडे धावत आली. "पाहिलंस? पाहिलंस का?"

"पाहिलं."

"तू का नाय गेलास?"

"नाय जमलं."

तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मागून तिला हाका येत होत्या. "सगळे जेवायला चाललेत, चल ना. नाहीतर एवढं घुबड नेशील का? मी कल्याणला आत्याकडे जाईन." ती इतकी आनंदात होती की माझं ठरवलेलं वाक्य तिच्यापुढे काढवेना. मी घुबड घेतलं.

घरी वडिलांनी काही विचारायच्या आधी पिशवीत पाहिलं.

"दुसऱ्याचं सोंग आपल्या घरात नाय ठेवायाचं," ते एवढंच म्हणाले. "ज्याचं त्याच्या घरी दिऊन ये."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मुरबाडला जाऊन तिथून पुढे तिच्या गावी गेलो. ती कल्याणलाच होती. तिची आई अंगणात बसून वालाच्या शेंगा वाळत घालत होती. त्यांनी हात पुसून घुबड मांडीवर घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्येच काय गो बाय त्ये! रोज नाचून दावायची मला. कशी नाचली रे?"

"लय भारी, मावशी. लोक उभे राहिले."

"आन बिबट्या? त्यो कसा नाचला?"

"तो नाय नाचला," मी म्हणालो. "त्याची जोडी नव्हती."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग घुबड मांडीवरून खाली न ठेवता म्हणाल्या, "बस. च्या ठेवते." तरी बराच वेळ त्या उठल्या नाहीत.